शंभराला एक

शंभर मीटरला एक मीटर उतार.
एवढंच विकायला आलोय आम्ही, दारोदार.
हफीतच्या डोंगराखाली, तळ्याकाठची त्रेचाळीस घरं
बलदियाच्या नव्या गटाराला जोडायची,
जुन्या टाक्या उपसून वाळूनं भरायच्या
आणि फॉर्मवर घरमालकाची सही.

इतक्या वाळूत तळं आलं कुठून,
पहिल्याच आठवड्यात विचारलं मी.
मैल्याचा टँकर चालवणारा गुलमीर
पाइप गुंडाळता गुंडाळता हसला:
"उस्ताद, वरचं शहर पाणी पितं, आणि मग..."
पुढचं त्यानं हातानंच सांगितलं.
टाक्यांतून, बागांतून, फुटक्या नळांतून
वर्षानुवर्षं पाझरत ते खोलगटात साचलं.
लव्हाळं आलं. लव्हाळ्यामागून
लाल तंगड्यांचे शेकाटे आले.
मग माणसांनी तिकडच्या भिंती फोडून
खिडक्या काढल्या.

आता ती पाझरच बंद करायला
मला महिन्याला अठराशे दिरहम मिळतात.

बारा नंबरात उम्म मुसब्बह एकटी.
तीन खेपा तिनं चहा पाजला, खजूर दिला,
"बुक्रा," म्हणाली, उद्या.
चौथ्या खेपेला सही केली, ठळक,
बँकेत करतात तशी.

जोडणी झाली की परीक्षा एकच:
घरात हिरवा रंग ओतायचा,
रस्त्यावर मॅनहोल उघडून उकिडवं बसायचं.
संडासाचा रंग आला, दोन मिनिटांत.
स्वयंपाकघराचा आला, तेलकट.
न्हाणीघराचा येईना.
थंगराजनं अजून एक बाटली ओतली.
मॅनहोल कोरडं. आतून फक्त
दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा साबणाचा वास.

मगरिबच्या बांगेला आम्ही हत्यारं गोळा करत होतो
तेव्हा लव्हाळ्याच्या मुळाशी
तळं हिरवं होत गेलं, हळूहळू,
आणि एक शेकाट्या त्यातून
चालत गेला, काहीच न झाल्यासारखा.

म्हातारी आमच्या मागेच उभी.
"माझ्या नवऱ्यानं," म्हणाली.
"मुसब्बह तेव्हा शाळेत. त्या उन्हाळ्यात तळं आटायला लागलं.
मी म्हटलं, पक्षी गेले तर मला इथे करमायचं नाही.
तो काही बोलला नाही.
रात्री खणायचा. चार रात्री."

दुसऱ्या दिवशी मी तो पाइप उघडा केला.
लेव्हल लावली. शंभराला दीड.
कुठे फुगवटा नाही, कुठे पोट नाही,
सांधे आमच्यापेक्षा सरळ.
पेशानं तो टपाल वाटायचा.

आमच्या देवरुखला मोरीचं पाणी
अळवाला सोडतात. कुणी नकाशा काढत नाही.
आई भांडी घासायची आणि
पानं छत्रीएवढी व्हायची.
मी काही बोललो नाही तिला हे.
अरबीत अळू कसं सांगणार?

फॉर्मवर एकच रकाना: रंग आला / नाही आला.
थंगराज डोंगराकडे बघत राहिला.
एक टिक मारली असती
तर कुणाचं काय गेलं असतं?
उद्या तपासनीस आला असता, त्याच्या बाटलीसकट,
तर माझं गेलं असतं.

"बंद कर," तीच म्हणाली.
"पण आज नाही. शुक्रवारी.
शुक्रवारी सकाळी मी डोक्यावरून नहाते."

शुक्रवारी सुट्टी असून गेलो.
तळ्याकाठी बसलो, पाठ घराकडे.
आठ वाजून गेल्यावर लव्हाळ्यातून
पांढरा फेस आला, थोडासा,
वर ऊदाचा वास. बराच वेळ येत राहिला.
मग थांबला.
मी टोपण बसवलं, वरून सिमेंट.

त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस.
गुलमीर सोहारला गेला, तिथे अजून टाक्या आहेत म्हणे.
मोजपट्टीच्या खांबावर तळं चार बोटं खाली,
ओल्या रेषेवर मीठ.

काल घरून फोन. ग्रामपंचायत
वाडीत गटार आणतेय, बंदिस्त,
खणणारे आलेसुद्धा.
बायको विचारत होती, उतार किती ठेवायला सांगू?
सांगितला.
मग म्हटलं, मोरी सोडून.